चार मिनिटांत हॉटेल बुडवण्याची घरगुती रीत

नाशकात खरंखुरं हॉटेल काढायचं म्हणजे आधी जागा हवी. गंगापूर रोडला भाडं विचारलं की माणूस मुकाट्याने गाडीची काच वर करतो. मग परवाने, मग डिपॉझिट, मग ऐन दिवाळीत गावाला न पळणारा आचारी. एवढं जमवूनही हॉटेल बुडायला वर्ष-दोन वर्षं जातात. तुमच्याकडे कुठे आहे तेवढा वेळ? त्यापेक्षा हॉलमधल्या टीव्हीला गेमिंग कन्सोल जोडा. तेच काम इथे चार मिनिटांत होतं आणि बँकेचा माणूस दारात येत नाही.

गेम घ्यायचा तो 'ओव्हरकुक्ड'. घोस्ट टाउन गेम्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने तो २०१६ मध्ये काढला, २०१८ मध्ये दुसरा भाग आला आणि २०२० मध्ये दोन्ही भाग एकत्र करून 'ऑल यू कॅन ईट' नावाने विकायला ठेवले. एकत्रवालाच घ्या, भांडायला दुप्पट लेव्हल मिळतात. एका वेळी चार जण खेळतात, म्हणजे सोफ्यावर मावतील तेवढेच. खेळ असा: कांद्याच्या सुपाची ऑर्डर येते. खोक्यातून कांदा उचलायचा, बोर्डावर चिरायचा, असे तीन कांदे एका भांड्यात घालून गॅसवर ठेवायचे, शिजलं की प्लेटमध्ये ओतायचं आणि प्लेट खिडकीत द्यायची. थोड्या वेळाने रिकामी प्लेट परत येते. सुरुवातीला धुतलेली येते, पुढे पुढे खरकटी. सहा वर्षांच्या मुलाला हे पहिल्या फटक्यात समजतं. म्हणून कंट्रोलर त्याच्या हाती पडू देऊ नका.

कांदा बघून हुरळून जाणं हा आपल्या जिल्ह्याचा हक्क आहे. या गेममधला राजाच मुळी कांदा आहे, मुकुटासकट. खोक्यातला कांदा कधी संपत नाही, त्याला लिलाव नाही, हमाली नाही, तोलाई नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागून लासलगावात भाव कोसळले, तेव्हाही या खोक्यातला कांदा होता तिथेच होता: फुकट. तेव्हा हात आखडू नका. ऑर्डर दोन सुपांची असो, तुम्ही बारा कांदे चिरून ठेवा. ओट्याचे चौकोन मोजकेच असतात आणि एका चौकोनावर एकच वस्तू मावते, हे इथे कामी येतं. पहिल्या मिनिटातच सगळा ओटा चिरलेल्या कांद्याने भरला, की प्लेट ठेवायला जागा उरत नाही, गरम भांडं उतरवायला जागा उरत नाही आणि चारही आचारी हातात काहीतरी धरून एकमेकांकडे बघत उभे राहतात. हात भरलेले असले की दुसरी वस्तू उचलता येत नाही. चाळीभर कांदा साठवून भावाची वाट बघणाऱ्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

आता कामं वाटून घ्यायची. म्हणजे वाटायची नाहीत. जाणकार लोक लेव्हल सुरू होण्याआधीच ठरवतात की हा चिरणार, हा गॅस बघणार, ही प्लेट लावून खिडकीत देणार आणि हा भांडी घासणार. आपल्याकडे ज्येष्ठतेने चाला. पहिला कंट्रोलर घरातल्या कर्त्या पुरुषाला. दिवाळीत जावईबापू आलेले असतील तर त्यांना, आणि त्यांना काम सांगायचं नाही, कारण जावयाला काम सांगत नाहीत. कंट्रोलर तीनच असतील तरी चौघांची सोय होते. एकाच कंट्रोलरचे दोन भाग करता येतात, आचारी फिरवायच्या दोन काड्यांपैकी डावी एकाला आणि उजवी दुसऱ्याला. तो नवरा-बायकोला द्या. डॅशचं, म्हणजे एकदम जोरात पुढे झेपावायचं, बटण मात्र सगळ्यांना आवर्जून शिकवा. डॅश मारून धडकलं की समोरचा आचारी ढकलला जातो, आणि ज्या लेव्हलला कडेला पाणी किंवा दरी आहे तिथे तो सरळ खाली जातो. काही सेकंदांनी तो परत उगवतो, पण हातातला कांदा गेला तो गेला. वहिनीला ढकलून वर 'अगं, तूच मधे आलीस' म्हणायची सोय याआधी कुठल्याही बैठ्या खेळात नव्हती.

सगळ्यात जास्त मेहनत प्लेटवर घ्या, कारण हॉटेल बुडतं ते तिथेच. लेव्हलमध्ये प्लेट मोजक्या असतात. त्या सगळ्या बाहेर गेल्या आणि खरकट्या होऊन परत आल्या, की सूप कितीही शिजलेलं असो, द्यायचं कशात? म्हणजे स्वयंपाकघराचा वेग चिरणारा ठरवत नाही, घासणारा ठरवतो. रविवारी सकाळी नाशकातल्या कुठल्याही चालत्या मिसळीच्या ठिकाणी आत डोकावलं तर हेच दिसेल, म्हणून डोकावू नका. तिथे कांदा, लिंबू, पापड, दह्याची वाटी असं सगळं ताटात आधीच मांडलेलं असतं. उसळ वाढणारा फक्त उसळ वाढतो. रस्सा वेगळ्या वाटीत. फरसाण अगदी शेवटी, ताट उचलायच्या क्षणी, कारण दोन मिनिटं आधी टाकलं तर त्याचा लगदा होतो आणि गिऱ्हाईक ओठ मुडपतं. आणि मागे मोरीपाशी एक माणूस कोपरापर्यंत पाण्यात हात घालून ताटं काढत असतो. तो पाच मिनिटं चहाला गेला तर बाहेरची रांग फुटपाथवर येते. ताटं कमी पडायला लागली की गल्ल्यावरचा मालक स्वतः उठून फडकं हातात घेतो.

तुम्ही गल्ला सोडायचा नाही. टीव्हीवरच्या सिंकमध्ये खरकट्या प्लेट साचतील, पण घरातल्या सिंकबाबत जे धोरण आहे तेच इथे चालू ठेवा: बघायचं, 'प्लेट धुवायला हव्यात' असं जाहीर करायचं आणि पुन्हा कांद्याकडे वळायचं. गंमत म्हणजे गेममध्ये भांडी घासायला एकच बटण आहे आणि प्लेट अर्धी घासून सोडली तरी पुढचा माणूस तिथूनच सुरू करू शकतो. चिरण्याचंही तसंच. एवढी सवलत असूनही घासणारं कुणी मिळत नाही, यात मराठी कुटुंबाची ताकद दिसते.

पुढे आग. ती लावण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, एकवाक्यता पुरते. सूप शिजलं की भांड्यावर हिरवी खूण येते. त्यानंतर थोडा वेळ सगळं शांत असतं, मग लाल इशारा लुकलुकतो, टीक-टीक वाढते आणि भांडं पेट घेतं. हिरवी खूण दिसल्याबरोबर चौघांनी एका सुरात 'शिजलं, शिजलं!' म्हणावं. उचलू कुणी नये, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने ऐकलंय. भांडं नुसतं गॅसवरून उतरवून ओट्यावर ठेवलं तरी शिजणं तिथेच थांबतं आणि मग प्लेट सावकाश आणता येते, पण ओट्यावर जागा कुठंय? तिथे बारा कांदे आहेत. आग शेजारच्या चौकोनाला लागते, तिथून त्याच्या शेजारच्याला. विझवायचा लाल सिलिंडर बटण दाबून धरावा लागतो आणि तोंड आगीकडे असावं लागतं, तेव्हा घाईत फवारा भिंतीवर मारा. त्याआधी तो सिलिंडर कुणीतरी 'मधे येतोय' म्हणून उचलून भलतीकडे ठेवलेला असला तर उत्तम. जळलेलं सूप कचऱ्याच्या डब्यात टाकताना भांड्यासकट टाकून बघा. गेम फक्त आतलं टाकतो आणि भांडं तुमच्या हातात परत ठेवतो, आपल्या आजीसारखा.

आग लागेपर्यंत पडद्याच्या वरच्या कडेला ऑर्डर येत राहतात. दुसऱ्या भागात त्या डावीकडून उजवीकडे, आल्या त्या क्रमाने दिल्या तर टिप वाढत जाते, चौपटीपर्यंत. एखादी ऑर्डर वेळेत गेली नाही तर उलट पैसे कापले जातात आणि वाढलेली टिप पुन्हा पायथ्याशी. तुम्ही सोपी असेल ती आधी द्या. आलेल्या गिऱ्हाइकाला बसवून मागून आलेल्या ओळखीच्याला आधी वाढणं ही आपली रीतच आहे, गेमला ती कळत नाही एवढंच. दुसऱ्या भागात कांदा, मासा वगैरे जिन्नस लांबून फेकताही येतात. प्लेट आणि भांडी फेकता येत नाहीत. तेवढी एक सोय घरच्या स्वयंपाकघरात जास्त आहे.

बोलण्याबद्दल थोडं. मुरलेले खेळाडू बोलतात ते असं: 'भांड्यात दोन कांदे, तिसरा येतोय', 'दोन प्लेट खरकट्या', 'उजवा गॅस रिकामा'. नाम, संख्या, जागा, संपलं. आपल्याला हे शोभत नाही. मराठी घर 'ते' या एका सर्वनामावर चालतं. 'अरे, ते दे ना!' 'कुठलं ते?' 'अरे ते, ते!' एवढ्यात भांडं पेटतं. आवाज जितका चढवाल तितकं 'ते' अधिक स्पष्ट होतं असा समज ठेवा. खेळत नसलेल्या एखाद्या काकांना मागच्या खुर्चीत बसवा, म्हणजे 'कांदा चिरा की रे!' एवढी एकच सूचना चारही मिनिटं मिळत राहील.

यंत्रसामग्रीकडेही दुर्लक्ष करायला शिका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो. तो लावला की टीव्ही चित्र गुळगुळीत करायची फालतू मेहनत बंद करतो आणि बटण दाबल्याबरोबर आचारी हलतो. तुम्ही सिनेमावालाच मोड ठेवा. आचारी थोडा उशिरा वळतो, अगदी खऱ्या आचाऱ्यासारखा. बहुतेक वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात आणि ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे मायक्रोवेव्हही काम करतो. मायक्रोवेव्ह हॉलला लागूनच असेल तर ऐन मोक्याला कुणाला तरी कालची खिचडी गरम करायला लावा. खऱ्या स्वयंपाकघरामुळे खोटं बंद पडतं, हे पाहण्यासारखं असतं. खेळताना चिवडा खा. त्याची बारीक पूड काडीच्या बुडाशी जाते, आत धूळ आणि झीज मिळून काही महिन्यांत कंट्रोलर हात न लावताही एका बाजूला सरकू लागतो. मग तुमचा आचारी आपोआप सिंकच्या विरुद्ध दिशेने चालत राहील.

चार मिनिटांची बुडवणूक ज्यांना उथळ वाटते त्यांच्यासाठी २०२२ चा 'प्लेटअप' हा दुसरा गेम आहे. इथे हॉटेल पंधरा दिवस टिकवायचं असतं, मग त्याची शाखा काढता येते. एकाही टेबलाचा संयम संपला तर तिथेच खेळ खलास, आणि दाराबाहेरच्या रांगेचाही संयम मोजला जातो. दोन दिवसांच्या मधे टेबलं, शेगड्या, सिंक कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवता. शहाणे लोक सिंक टेबलांजवळ आणतात, पावलं मोजतात आणि मेन्यू जमेल तितका लहान ठेवतात, कारण प्रत्येक नव्या पदार्थाला वेगळं सामान आणि वेगळा ओटा लागतो. तुम्ही आपल्या हायवेवरची पाटी आठवा: साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज, पावभाजी, ज्यूस, गार्डन, फॅमिली रूम. मिळालेले पैसे आणखी टेबलांवर घाला, दुसऱ्या सिंकवर नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न मिटतो.

रात्रीचे साडेअकरा होतील. 'ओव्हरकुक्ड'मध्ये लेव्हलला मिळणाऱ्या तीनपैकी एक तारा पदरात पडलेला असेल, तोही जावईबापू पाणी प्यायला उठले होते त्या फेरीतला. सगळ्यांना भूक लागलेली असेल आणि खऱ्या ओट्याकडे कुणी बघणार नाही. मोबाइलवरून जेवण मागवा. पंचवीस मिनिटं दाखवेल. तेहेतिसाव्या मिनिटाला जेवण आणणाऱ्या मुलाचा फोन येईल, 'सर, लोकेशनवर आलोय, बिल्डिंग कुठली?' त्याला नीट समजावून सांगा, 'अरे, ते मंदिर आहे ना, ते, त्याच्या अलीकडचं ते.' तो पुन्हा विचारेल. आवाज चढवा. जेवण आठ मिनिटं उशिरा आलं म्हणून अॅपवर तारे विचारतील. दिवसभरात कमावलेला एक आहे, तो त्याला देऊन टाका.