तरंगत्या शटलच्या प्रवाशांसाठी सूचना

परवा संध्याकाळी नवी मुंबईत महापेच्या एका स्टॉपवर कोपरखैरणेची बस तासभर आली नाही. व्हिडिओ मात्र आला, आणि तोही प्रत्येक ग्रुपवर: चाकं नाहीत, रूळ नाहीत, पामबीच रोडवरून हातभर उंच तरंगत जाणारी काचेची शटल! आत एकाही प्रवाशाला घाम नाही. भविष्य दारात आलंय म्हटल्यावर आपणही तयारीला लागू या.

सर्वप्रथम, खड्ड्यांची तक्रार बंद करा. गाडी रस्त्याला टेकणारच नसेल, तर रस्ता हवाय कशाला?

छत्री जवळ ठेवा. शटल तरंगेल, स्टॉपची शेड गळेलच.

तरंगण्याचा सराव शेअर रिक्षात करा. ड्रायव्हरच्या शेजारची चौथी सीट घ्या. अर्धं शरीर आपोआप हवेत राहतं.

आणि मागचं काही आठवू नका. नाहीतर आठवेल की नव्वदच्या दशकात बेलापूरला होव्हरक्राफ्ट येत असे. हवेच्या उशीवर, पाण्यावरून, थेट मुंबईहून. तरंगायचं तर पंखे अखंड फिरवावे लागतात आणि ते इंधन पितात, एवढं तेव्हाच कळलं होतं. शांघायला २००४ पासून चुंबकावर तरंगणारी गाडी खरोखर धावते, पण तिच्यासाठी तीसेक किलोमीटरचा स्वतंत्र उन्नत मार्ग बांधलाय. सिग्नलला रिक्षांच्या मधून नाही तरंगत ती! मुंबई-पुणे हायपरलूपचा, म्हणजे नळीतून सुसाट धावणाऱ्या गाडीचा, २०१८चा गाजावाजा आठवतो? पंचवीस मिनिटांत पुणे म्हणे. ती गाडी आणणारी कंपनीच २०२३ अखेर बंद झाली. आणि आपली बेलापूर-पेंधर मेट्रो? रुळांवरची, चाकांची, साधीसुधी, जेमतेम अकरा किलोमीटर. काम सुरू २०११ला, पहिला प्रवासी बसला नोव्हेंबर २०२३मध्ये. बारा वर्षं! चाकं असलेल्या गाडीला बारा, तर बिनचाकीला किती, ते मुलांना गणित म्हणून घाला.

पण पुरे आता. अहो, तरंगायचंय कुणाला? कामाची पाळी संपवून निघालेल्या बायका डबा हातात धरून अंधारात उभ्या असतात. त्यांना दर दहा मिनिटांनी एक साधी बस हवीय. गाड्या घ्या, ड्रायव्हर-कंडक्टर भरा, डेपोत बंद पडलेल्या दुरुस्त करून बाहेर काढा. यात दाखवण्यासारखं काही नाही, फीत कापायला नाही, म्हणून कुणी करत नाही.

आणि ‘अभिमान आहे नवी मुंबईकर असल्याचा’ असं लिहून तो व्हिडिओ पुढे ढकलणारे तुम्ही! शेवटचे बसमध्ये कधी चढलात? स्टॉपच्या तोंडाशी चारही इंडिकेटर लावून उभी केलेली ती गाडी तुमचीच ना? पाच मिनिटांचं काम आहे म्हणू नका. हलवा ती आधी. बस चुकून आलीच, तर म्हाताऱ्या माणसाने तिच्यात भर रस्त्यात जाऊन चढायचं का?