डिप पातळ झालं, त्याबद्दल

नमस्कार ताई,

दोन तारे दिलेत, हरकत नाही. पण खाली जे लिहिलंत त्याला उत्तर द्यायला हवं, कारण आता येणारी गिऱ्हाइकंही तेच विचारायला लागली आहेत. तुमचं म्हणणं असं: गुहागरला आमच्याकडे तळलेल्या बांगड्याबरोबर दही-काकडीचं ग्रीक डिप, त्झात्झिकी, खाल्लंत आणि आवडलं. कृती विचारलीत, मी सांगितली. घरी केलंत तर अर्ध्या तासात पाणीच पाणी, वर आंबटढाण आणि लसूण जळजळीत. म्हणजे मी काहीतरी लपवलं, आणि आम्ही त्यात क्रीम नाहीतर कॉर्नफ्लॉवर घालतो.

दोन्ही घालत नाही. कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे: 'रात्रभर टांगायला वेळ कुणाला, १५ मिनिटं चाळणीत ठेवलं.' ताई, श्रीखंडाला असं दही चालवून घेतलं असतंत का? इथेही चक्काच लागतो, फक्त साखर-वेलचीशिवाय. ग्रीसमध्ये हे मेंढीच्या नाहीतर शेळीच्या दुधाच्या दह्याचं करायची पद्धत. मेंढीच्या दुधात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के, आपल्या म्हशीच्याही तेवढाच, म्हणून आम्ही म्हशीचंच दूध विरजतो. मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीवर ठेवायचं, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत ओट्यावर रात्रभर टांगलं की सकाळी आंबलेलंच समजा. तुमचं दही तर आधीच दोन दिवसांचं होतं.

आता काकडी. 'तुमच्याच बाजारातून नेलेलं तवसं वापरलं' असं लिहिलंत, ते वाचून मी कपाळाला हात लावला. तवसं म्हणजे आपली मोठी, जाड काकडी; जून झालं की पोटात बियांचा नुसता लगदा. धोंडसाला, म्हणजे तवशाच्या गोड केकला, ते पाणी हवंच असतं, रवा त्यातच शिजतो, पण डिपमध्ये तेच वैरी. साधी कोवळी काकडी घ्या, बिया असतील तर चमच्याने खरवडून काढा, किसा, मीठ लावा आणि २० मिनिटं विसरून जा. मग मुठीत धरून पिळा. अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. दोन काकड्यांचा हातात उरतो तो हिरवा गोळा लिंबाएवढा, आणि जीव हळहळतो, पण तेवढाच हवा. हे मी तुम्हाला करून दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा फोटो काढत होतात. मीठ लागलेलंच असतं, तेव्हा वरून घालण्याआधी चव बघा.

लसणाचं थोडक्यात. अर्ध्या किलो दह्याला सात पाकळ्या हा ठेच्याचा हिशेब झाला. एक पुरते, आणि ठेचतानाच तिच्यावर लिंबू पिळलं की झणका कमी राहतो. बाकी बारीक चिरलेला शेपू आणि वरून ऑलिव्ह तेल. शेपू नको असेल तर पुदिना घाला, तिकडेही घालतात. खोबरेल नको, कुणीतरी विचारलं होतं म्हणून सांगते.

वाटीभर दह्याचे १५० रुपये जास्त वाटले, असंही लिहिलंत. लिटरभर दुधाच्या दह्यातून चक्का निघतो तो जेमतेम निम्मा, कधी त्याहून कमी, आणि ऑलिव्ह तेल गुहागरात पिकत नाही. किंमत तीच राहील.

पुन्हा कराल तेव्हा चक्का आणि काकडी अगदी वाढायच्या वेळीच एकत्र करा, सकाळी कालवून ठेवू नका. मीठ लागलेली काकडी थोडंफार पाणी सोडतच राहते. आणि पातेल्यात जमलेलं दह्याचं पाणी मोरीत ओतू नका, घावनाच्या पिठात घाला.