दंडावरचं बटण

गौरी जेवल्या त्या दिवशी मी इंग्लंडहून मिरजेला व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे पंगत उठली होती, सगळे माजघरात टेकले होते, आणि विषय निघाला चुलतभावाच्या मुलीचा. पोर नऊ वर्षांची. उन्हाळ्यात तिला टाइप वन मधुमेह निघाला. आधी पोट बिघडलंय म्हणून सलाईन लावलं, श्वास जोरात चालायला लागला तेव्हा कुणीतरी साखर तपासली, मग चार दिवस आयसीयू. आता दिवसातून चार इंजेक्शनं आणि पाच वेळा बोट टोचणं. डॉक्टरांनी साखर सलग मोजणारा सेन्सर सुचवला होता. त्यावर काका म्हणाले, "दंडावर ते बटण लावून पोरीला जगजाहीर आजारी कशाला करायचं? इतकी वर्षं बोटं टोचूनच पोरं वाढली ना? पंधरवड्याला पाच हजार! ही श्रीमंतांची थेरं आहेत."

मी आवाज चढवून बोलले. सणाच्या दिवशी बोलू नये इतकं बोलले. काका निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं आणि शांतपणे म्हणाले, "तिकडे बसून सांगणं सोपं असतं, बाळ. तुला फुकट मिळतं."

याला तीन आठवडे झाले. भांडी घासताना, बसमध्ये, रात्री अलार्म वाजल्यावर, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या मुलाला टाइप वन झाला तो २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, पाच वर्षांचा असताना. सुरुवातीचे काही महिने आम्हीही बोटंच टोचली. त्याच्या दहाही बोटांच्या कडांवर काळे ठिपके पडले होते. चित्र रंगवताना तो क्रेयॉन तळहातात धरायचा, बोटं दुखायची म्हणून. एकदा रात्री दोन वाजता मी त्याचा हात हातात घेतला तर झोपेतच त्याने मूठ गच्च आवळली. ती मूठ उघडताना मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. काका म्हणतात तशी बोटं टोचून पोरं वाढली हे खरंच आहे. ती कशी वाढली, हे त्यांच्या आयांना विचारावं.

सेन्सर म्हणजे काय, तर दंडावर चिकटवायची एक छोटी चकती. तिच्याखाली केसाएवढी बारीक तार कातडीच्या आत जाते आणि पेशींच्या मधल्या जागेतल्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली नव्हे, म्हणून आकडा पाच-दहा मिनिटं मागे असतो. साखर भराभर बदलत असली किंवा आकडा आणि पोराचा चेहरा यांचा मेळ बसत नसला तर बोट टोचून खात्री करावी लागते. मुलगा त्या कुशीवर झोपला तर दाबामुळे सेन्सर आकडा खोटाच खाली गेलेला दाखवतो, हेही आम्ही शिकलो. पण आमचा सेन्सर दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ आकडे देतो, आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक बाण असतो. खरा जीव त्या बाणात आहे. ग्लुकोमीटर सांगतो, साखर ११० आहे. ती तिथे थांबली आहे की दगडासारखी खाली येते आहे, हे तो सांगत नाही. ११० वर बाण सरळ असेल तर पोराला झोपू द्यायचं. तोच बाण खाली असेल तर उठून ज्यूसचा खोका शोधायचा.

गेल्या महिन्यातली एक रात्र सांगते. पावणेतीनला अलार्म झाला, ३.१ आणि बाण खाली. इथे साखर वेगळ्या एककात मोजतात; तुमच्या भाषेत ५६. मी स्ट्रॉ त्याच्या ओठांना लावली आणि तो डोळे न उघडता ज्यूस ओढत राहिला. खोका चपटा होईपर्यंत त्याच्या घशाची हालचाल मी अंधारात बघत होते. पंधरा मिनिटं पलंगाच्या कडेला बसून राहिले. ४.४ झाल्यावर उठले. सकाळी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्याने टोस्ट खाल्ला, पीई किट विसरला, परत आला, पळाला. सेन्सर नसता तर मी त्या रात्री झोपलेली असते. एवढंच मला काकांना सांगायचं होतं, आणि मी भलतंच बोलले.

"श्रीमंतांची थेरं" हा शब्द काकांना कुठून सुचला ते मला ठाऊक आहे. पुण्यात मधुमेह नसलेली धडधाकट माणसंही मिसळ खाल्ल्यावर साखर किती चढते हे बघायला हाच सेन्सर लावून फिरतात. काकांच्या एका विद्यार्थ्याने त्यांना तो कौतुकाने दाखवला होता. त्याचा तो छंद असेल. ज्या पोरीच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन करणं थांबवलंय तिच्या दंडावर त्याच वस्तूला छंद म्हणणं हा अन्याय आहे. चष्मा शोभेसाठीही घालतात, म्हणून फळा न दिसणाऱ्या पोराला कुणी नाकारत नाही.

आणि हे खूळ कंपन्यांनी गळ्यात मारलं, असंही कुणी म्हणू नये. २०१३ साली अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या एका अभियंता बापाने आपल्या लहानग्याच्या सेन्सरचे आकडे स्वतः प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवर आणले, कारण पोर दिवसभर दुसऱ्यांच्या ताब्यात आणि आकडे त्याच्या खिशातल्या यंत्रात अडकलेले. त्यातूनच पुढे आईबापांनी मिळून नाइटस्काउट नावाची, इंटरनेटवर आकडे दाखवणारी व्यवस्था उभी केली. दूर बसून लेकराचा आकडा बघायची सोय आधी एका बापाच्या घरी झाली, कंपनीच्या सोयी मागून आल्या.

आकड्यांची गुलामी होते, हा काकांचा दुसरा मुद्दा. होते. सुरुवातीचे सहा महिने मी फोनकडे बघत जेवायचे. मुलगा एकदा म्हणाला, "आई, तू आधी माझ्या दंडाकडे बघतेस आणि मग माझ्याकडे." ते लागलं मला. मग डायबेटीस नर्सने अलार्मच्या मर्यादा सैल करायला लावल्या, शाळेच्या वेळेत आलेख उघडायचा नाही असं ठरवून दिलं, आणि हळूहळू ते सुटलं. कुणीतरी शिकवलं म्हणून सुटलं. शिकवणारं माणूस नसेल तर गुलामी होईलच. त्यासाठी शिकवणारं माणूस मागा, पोरीच्या दंडावरचं काढून घेऊ नका.

शाळेचा विषय निघाला की मात्र माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. भाचीच्या शाळेत मोबाइलला बंदी. सेन्सरचा आकडा मोबाइलवर दिसतो, तेव्हा सेन्सर लावला तरी शाळेत तो आंधळाच. भाऊ भेटायला गेला तर त्याला सांगितलं, एकीला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल. इथे माझ्या मुलाच्या शाळेतही फोन बंद आहेत. त्याचा फोन कमरेच्या पट्ट्यात असतो, वर्गातल्या मदतनीस बाईला पासकोड माहीत आहे, त्याची काळजी कशी घ्यायची त्या कागदावर, केअर प्लॅनवर, तिची सही आहे. इथल्या २०१४ च्या कायद्याने शाळेवर ती जबाबदारीच टाकली आहे, त्यात उपकार कुणाचे नाहीत. भारतातही कागद नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षण विभागांना लिहिलं आहे की टाइप वनच्या मुलांना वर्गात आणि परीक्षेतही साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या. मी ते भावाला पाठवलं. त्याने छापून नेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी वाचून फाइलला लावलं.

आणि लग्न! नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाचा विचार करून तिचा दंड झाकायचा. तिला इंजेक्शनसुद्धा आतल्या खोलीत, दार लावून देतात. वहिनी मला हळूच म्हणाली, "सासूबाईंना शेजाऱ्यांनी विचारलेलं आवडत नाही." माझा मुलगा स्विमिंगला जातो तेव्हा त्याच्या दंडावर डायनासोरचं स्टिकर असतं, सगळ्या पोरांना ते काय आहे ते माहीत असतं, आणि कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मी हे सांगते तेव्हा माझ्या आवाजात काय येतं ते मला कळतं. काकांनाही ते ऐकू आलं असणार.

म्हणून त्या दिवशी जे सांगितलं नाही ते इथे सांगते. इथेही हे पहिल्यापासून नव्हतं. टाइप वनच्या प्रत्येक मुलाला सलग मोजणारा सेन्सर देऊ करावा, असं नाइसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या इथल्या संस्थेने, सांगितलं ते मार्च २०२२ मध्ये. त्याआधी निकषांत बसावं लागायचं, आईबापांना क्लिनिकमध्ये अक्षरशः वाद घालावा लागायचा. आजही गरीब वस्त्यांतल्या आणि कृष्णवर्णीय मुलांपर्यंत ही यंत्रं कमी पोचतात, हे इथल्याच ऑडिटमध्ये छापून येतं. हे सांगितलं असतं तर माझा मुद्दा दुबळा झाला असता असं मला वाटलं. खरं तर त्याने बळच आलं असतं, कारण इथे मिळालं ते भांडून मिळालं.

पैशाचं मात्र काकांचं खरं आहे. १४ दिवसांना पाच हजार म्हणजे वर्षाला २६ सेन्सर, एक लाख तीस हजार. भाऊ खाजगी बँकेत कारकून आहे. टाइप वनची मुलं जगात सर्वाधिक आपल्या देशात आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी घरांत साधी वीस रुपयांची पट्टीसुद्धा रोज पाच वेळा परवडत नाही, तिथे इन्सुलिन आणि पट्ट्या आधी पोचल्या पाहिजेत, हे मला मान्य आहे. पण परवडत नाही हे एक आणि गरज नाही हे दुसरं. काकांनी पहिल्यावर दुसऱ्याचं पांघरूण घातलं. परवडत नाही म्हटलं तर निदान कुणाकडे तरी मागता येतं. गरजच नाही म्हटलं की सरकार सुटलं, विमा कंपनी सुटली, शाळा सुटली. ज्या मिरजेत वॉनलेस डॉक्टरांचा दवाखाना एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, जिथे आजही कर्नाटकातून माणसं औषधाला येतात, तिथल्या माणसाने तरी औषधाला थेर म्हणू नये.

आता "तिकडे बसून" या शब्दाबद्दल. आम्ही परत येणार होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात सहा आठवडे पुण्यात राहून सगळं बघितलं. नवऱ्याला हिंजवडीत नोकरी मिळत होती, कोथरूडमध्ये फ्लॅट बघितला होता, खालीच भाजीवाली बसायची. एका शाळेने मुलाची फाइल बघून आमच्यापुढे कागद ठेवला: शाळेत काही झालं तर जबाबदारी पालकांची. विम्याच्या माणसाने मधुमेह हा शब्द ऐकून फॉर्म मिटवला. तेव्हा तो सात वर्षांचा होता, स्वतः इन्सुलिन टोचू शकत नव्हता. परतीच्या विमानात मी नवऱ्याला म्हटलं, आता नको. त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. आईचा मोतीबिंदू झाला तेव्हा मी नव्हते. बाबा न्हाणीघरात पडले तेव्हाही नव्हते. कुणी विचारलं की मी मुलाचा सेन्सर पुढे करते.

ते पूर्ण खरं नाही. मला इथली सवय झाली आहे. रिपीट प्रिस्क्रिप्शन, लायब्ररी, टेकडीवरून उतरणारी शेफील्डची बस, कुणी आत डोकावून न विचारणारं घर, हे मला आवडायला लागलं आहे. पण तिकडे प्रत्येक शाळेत, प्रत्येक पोराच्या दंडावर ही वस्तू दिसली असती तर माझ्याकडे दाखवायला कारण उरलं नसतं. काकांवर मी इतकी का चिडले, त्यात हेही आहे. त्यांच्या माजघरात ते बटण चालत नाही, म्हणजे माझा मुलगाही चालत नाही, असं मला ऐकू आलं होतं.

मी पैसे पाठवते म्हटलं. काकांनी नको सांगितलं. शेवटी भावाने मधला मार्ग काढला: महिन्याला एक सेन्सर, पगार झाल्यावर. चौदा दिवस आलेख, उरलेले दिवस बोटं.

परवा पहाटे साडेतीनला माझा फोन वाजला. मुलाचा अलार्म समजून उठले, तर वहिनीने फोटो पाठवला होता. ५८, बाण खाली. खाली लिहिलं होतं, "शाळेची रिक्षा येईल आता, काय करू?" मी फोन लावला. ग्लुकॉन-डी पाण्यात दे, रिक्षा जाऊ दे, पंधरा मिनिटं थांब. ती बरं म्हणाली आणि फोन तसाच ओट्यावर ठेवला. मीही ठेवला नाही. कुकरची शिट्टी झाली. काकांची पूजेची घंटा वाजली. मग गल्लीत घंटागाडी आली, तिचं ते रेकॉर्डवरचं गाणं लांबून जवळ आलं आणि पुढे गेलं. मी अंधारात पायरीवर बसून ऐकत होते.

"८४ झाली," वहिनी म्हणाली. "बाण सरळ आहे. जा, झोप तू." मग थांबून म्हणाली, "तुमच्याकडचे किती गं हे?"

"४.७," मी म्हणाले.