बाफल्यावरचे तूप आणि मेंदूतले चार मिलिग्रॅम

गेल्या डिसेंबरात इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि कणकेच्या उकडून भाजलेल्या गोळ्यांचा, बेत होता. काकांनी बाफला कुस्करून त्यावर तुपाची वाटी उपडी करायला घेतली, तेव्हा त्यांच्या तपासण्यांचे कागद जपून ठेवणाऱ्या वहिनीने हात पुढे केला आणि काकांनी तो शांतपणे बाजूला सारला. "सूनबाई, मेंदू साठ टक्के चरबीचा असतो. त्याला तूप नको, तर काय तुमचे ते सोयाबीनचे तेल पाजू?"

हे वाक्य काकांचे नव्हते. आदल्याच आठवड्यात ते घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले होते आणि तेव्हापासून घरात तूपवाले आणि तेलवाले असे दोन पक्ष पडले होते. माळव्यात या वादाला आणखी एक धार आहे. इथली शेतेच सोयाबीनची, सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था खंडवा रोडवर, आणि गेल्या पिढीपासून घरोघरच्या कढईत तेलही त्याचेच. त्यामुळे तेलाची बाजू घेणाऱ्याला आपण गावाचीही बाजू घेतो आहोत असे वाटते.

मी चौदा वर्षे नॉर्वेत, बर्गनला राहते. इथे असा वाद होत नाही, कारण उत्तर सापडलेच आहे अशी लोकांची समजूत आहे: कॉड माशाच्या यकृताचे तेल, ज्याला इथे 'त्रान' म्हणतात, रोज एक चमचा. ज्या महिन्यांच्या नावात 'र' येतो त्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, ते घ्यावे असा जुना संकेत आहे. पहिली काही वर्षे माझीही समजूत अशीच होती की तूप आणि तेल दोन्ही चुकीचे आणि खरे उत्तर माझ्या फ्रिजच्या दारात उभे आहे. ती समजूत आता राहिलेली नाही.

आधी त्या साठ टक्क्यांबद्दल. मेंदूचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणी आहे. ते पाणी काढून टाकल्यावर जो कोरडा ऐवज उरतो, त्याच्या निम्म्याहून अधिक स्निग्ध पदार्थ असतात. ओल्या, जिवंत मेंदूच्या वजनात त्यांचा वाटा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. हे स्निग्ध पदार्थ पोटावर साठणाऱ्या चरबीसारखेही नसतात. पेशींची आवरणे आणि मज्जातंतूंवरचे वेष्टण त्यांचेच बनलेले असते. त्यांची रसायनशास्त्रीय मोजदाद प्रथम नेटाने केली ती टुडिकम या जर्मन डॉक्टरने, तीही लंडनमध्ये स्थायिक होऊन; 1884 साली त्याने यातल्या एका घटकाला स्फिंक्सच्या कोड्यावरून 'स्फिंगोसिन' हे नाव दिले. परक्या गावी बसून मेंदूचे कोडे सोडवणारा हा माणूस मला उगीचच जवळचा वाटतो.

काकांच्या तुपाचे मात्र इथे काही चालत नाही. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे एक पंचमांश मेंदूत असते हे खरे. पण ते जवळजवळ सगळे मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातून फिरणारे कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्या आणि मेंदू यांच्यामधला पेशींचा पडदा सहसा ओलांडत नाही. तुपातली संपृक्त स्निग्धाम्लेही शरीर स्वतः बनवू शकते. त्यामुळे बाफल्यावर ओतलेले तूप मेंदूत जाऊन बसते ही कल्पना जितकी निराधार, तितकीच वहिनीची 'तुपाने मेंदूवर चरबी चढते' ही भीतीही निराधार. तूप मेंदूला गाठते ते दुसऱ्याच वाटेने. त्याने रक्तातले कोलेस्टेरॉल वाढले, रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की त्याची किंमत मेंदूही मोजतो.

आहाराशी खरा संबंध ज्याचा आहे, त्या स्निग्धाम्लाचे नाव दोन्ही पक्षांपैकी कोणीच घेत नाही. डोकोसाहेक्झेनॉइक आम्ल, थोडक्यात डीएचए, हे ओमेगा-3 कुळातले आहे. प्रौढ मेंदूत ते सगळे मिळून साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या एका चमच्याएवढे असते. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार मेंदू रक्तातून दिवसाला जेमतेम चार मिलिग्रॅम डीएचए उचलतो आणि आहे तो साठा निम्मा बदलायला अडीच वर्षे लागतात. ही मोजणी वाचल्यावर 'आठ दिवसांत स्मरणशक्ती' अशा दाव्यांकडे, मग ते तुपाचे असोत, भिजवलेल्या बदामांचे असोत की माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचे, मला फार काळ पाहावत नाही. बदामात तर ओमेगा-3 नावापुरतेच असते. अक्रोडात ते बरे असते.

डीएचए माशांतून आयते मिळते, पण शाकाहारी माणसाचे यकृत ते अल्फा-लिनोलेनिक या वनस्पतींतल्या ओमेगा-3 आम्लापासून थोडेथोडके बनवते. हे आम्ल सोयाबीनच्या तेलात सुमारे सात टक्के असते, हे ऐकून काकांचा चेहरा पडला होता. पण त्याच तेलात ओमेगा-6 या वेगळ्या कुळातले लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि दोघांवर काम करणारे विकर (एन्झाइम) एकच असल्याने अल्फा-लिनोलेनिकच्या वाट्याला ते कमी येते. त्यातही शेवेसाठी पुनःपुन्हा तापवलेल्या तेलात हे नाजूक आम्ल सगळ्यात आधी बिघडते. शेंगदाण्याच्या तेलात ते जवळजवळ नसतेच, आणि तुपातही अगदी थोडे. अलसीच्या, म्हणजे जवसाच्या, तेलात मात्र ते निम्म्याहून अधिक असते. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात थंडीत अलसीचे लाडू असत आणि वर्षभर चटणी असे. तेल आणि तुपाच्या भांडणात ती बरणी कधी मागे पडली ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

आता माझ्या फ्रिजच्या दाराबद्दलही तितकेच प्रांजळपणे सांगायला हवे. ऑस्लोमधल्या एका अभ्यासात गर्भवतींच्या एका गटाला त्रान आणि दुसऱ्याला मक्याचे तेल दिले होते. 2003 साली निष्कर्ष आला की त्रान घेतलेल्या मातांची मुले चौथ्या वर्षी बुद्ध्यंकात सुमारे चार गुणांनी पुढे होती. माझी मुलगी पोटात असताना मी हाच अभ्यास इंदूरला फोनवर वाचून दाखवला होता. तीच मुले सात वर्षांची झाल्यावर हा फरक उरला नव्हता, हे 2008 मध्येच छापून आले होते. ते मी फार उशिरा वाचले. अल्झायमरच्या चारशे रुग्णांना दीड वर्ष डीएचए देऊन पाहिलेल्या अमेरिकेतल्या चाचणीतही, 2010 साली, ऱ्हासाचा वेग मंदावलेला दिसला नाही.

म्हणून इंदूरच्या शाकाहारी घराने बर्गनची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. फक्त गर्भवती आणि स्तनदा मातांच्या बाबतीत मी थोडी आग्रही आहे, कारण दुधातले डीएचए आईच्या आहाराप्रमाणे कमी-जास्त होते. त्यांनी डॉक्टरांना विचारून शेवाळापासून काढलेले डीएचए घेता येते. मासेसुद्धा ते मुळात शेवाळातूनच मिळवतात, त्यामुळे सोवळेही मोडत नाही.

जाण्याआधी मी वहिनीला एवढेच सांगून आले की अलसी भाजून दळून ठेवावी, कारण अख्खे दाणे न पचताच बाहेर पडतात, आणि एकदा दळलेली फार दिवस ठेवू नये, ती खवट होते. आता दर रविवारी वाटीभर चटणी होते आणि काका ती बाफल्यावर भुरभुरवून खातात असे कळले. वरून तूप पूर्वीइतकेच पडते. त्यावर वहिनीचा आक्षेप कायम आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो काकांच्या मेंदूसाठी नव्हे, तर मागच्या वर्षी झालेल्या त्यांच्या अँजिओग्राफीसाठी.