खुलासा : भोपळ्यावरचं क्रॉप कव्हर (पिकावर अंथरायचं पातळ कापड) तोडणीपर्यंत ठेवायचं नाही

"भोपळ्यावर क्रॉप कव्हर टाका आणि तोडणीपर्यंत काढू नका, थंडी बाधत नाही, फवारणीही लागत नाही" असा मेसेज शेतकरी ग्रुपवर फिरतोय. त्याचं मूळ माझी डिसेंबरातली पोस्ट आहे. "कव्हर काढायची घाई करू नका" असं मी लिहिलं, पण कधी काढायचं ते लिहायचं राहिलं. ही चूक माझी.

डिसेंबर-जानेवारीत लाल भोपळा लावला तर रोपं लहान असताना कव्हर खरंच कामाला येतं. रात्रीची ऊब थोडी टिकते, लाल भुंगे पानापर्यंत पोचत नाहीत. पण भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी. परागकण जड, चिकट. वाऱ्याने जात नाहीत, मधमाशीच लागते, आणि कव्हरखाली ती पोचत नाही. त्यात फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. मी यंदा दोन सऱ्या झाकूनच ठेवल्या होत्या. मादी फुलामागची बोराएवढी फळं पिवळी पडून गळाली. शेजारच्या उघड्या सरीत मात्र फळ धरलं.

म्हणून पाकळ्यांमागे इवलासा भोपळा असलेलं पहिलं फूल दिसलं की कव्हर काढा. थंडी जास्त असेल तर सकाळी उघडा, संध्याकाळी पुन्हा झाका. आणि हो, कव्हर निघालं की फळमाशी येते, तेव्हा सापळे आधीच लावून ठेवा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.