काढा घेतला तरी दारू लिव्हरला सोडत नाही

‘सकाळी गुळवेल-भुईआवळीचा काढा घ्या, रात्री कितीही प्या, लिव्हरला काही होत नाही. उंदरांवर सिद्ध झालंय, रिपोर्टही नॉर्मल येतात.’ हा मेसेज काल मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकला. तो रोज पितो, म्हणून गप्प बसवत नाही.

उंदरांचं म्हणाल तर अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. दारू मोडताना लिव्हरमध्ये अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होतं, पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे रेणू सुटतात, पेशींना वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा आटतो. या वनस्पतींचा अर्क दिलेल्या उंदरांत ही झीज कमी दिसते. पण तो बहुधा दारूआधी किंवा दारूबरोबरच दिलेला असतो, वजनाच्या किलोमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम. रॅटचा (मोठ्या उंदराचा) डोस माणसासाठी ६.२ ने भागतात. २५० मिलिग्रॅम धरले तर ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे २.४ ग्रॅम सुका अर्क लागेल. तुमच्या कपात किती उतरला, कोणी मोजलंय? आणि १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम अल्कोहोल असतं.

माणसांवर भरपूर तपासलेला अर्क म्हणजे सिलिमरिन, मिल्क थिसल या दुसऱ्या वनस्पतीचा. कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २००७ च्या आढाव्यात दारू आणि हिपॅटायटिस बी-सीमुळे लिव्हर बिघडलेल्यांवरच्या १८ चाचण्या होत्या, १,०८८ रुग्ण. मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

सगळ्यात घातक वाक्य त्याच मेसेजच्या शेवटी आहे: ‘वनस्पतीच आहे, अपाय कसला?’ २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले ६ रुग्ण नोंदले गेले. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी असे ४३ रुग्ण मांडले. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ती तशीच दिसणारी दुसरी जात असावी. असेल. पण कुंपणावरून तोडलेल्या वेलीची जात ओळखणार कोण? आधीच दारूने पोळलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला?

नॉर्मल रिपोर्टचं थोडक्यात: सिरॉसिसमध्येही, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलं तरी, एसजीपीटी ही लिव्हरची नेहमीची रक्ततपासणी नॉर्मल येऊ शकते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट आणि सोनोग्राफी बघा.

नुसती चरबी साठली असेल, तर दारू सोडल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) देऊनच सोडवावी.