‘सरळ रीसेट मारा’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

दर्यापूरकर भाऊ, नमस्कार. टॅब सुरू होताना अडकला तर काय करायचं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की गावात एवढ्या खटाटोपाला कोणाला वेळ नाही. दोन बटणं दाबून फॅक्टरी रीसेट मारलं, म्हणजे टॅब पुसून नव्यासारखा कोरा केला, की दहा मिनिटांत काम होतं, आणि मी मात्र लोकांना चार्जर बघा, कव्हर काढा सांगत बसलो. एवढं करून शेवटी तालुक्याच्या दुकानात जावंच लागतं, असं तुमचं म्हणणं. तुमचा राग मला समजतो. पेरणीच्या दिवसांत टॅबपायी तालुक्याला जाणं म्हणजे त्या दिवसाचं काम बुडालं. तरीही रीसेट सगळ्यात शेवटी, या मतावर मी ठाम आहे.

आपल्याकडे टॅब कोणाच्या हातात आहे ते बघा. नीट-जेईईची तयारी करणारी पोरं. नागपूरच्या महाज्योती या सरकारी संस्थेकडून टॅब मिळालेली मुलं तर आता खेड्यापाड्यांतही आहेत. बचत गटाच्या हप्त्यांची नोंद ठेवणारी ताई. शहरात फोटो आणि फाइली आपोआप गुगलवर चढत राहतात. आपल्याकडे रेंज मिळवायला गच्चीवर जावं लागतं, तिथे बॅकअप कोण घेणार? म्हणजे टॅबमध्ये जे आहे ते बहुतेक वेळा फक्त टॅबमध्येच आहे. आणि अँड्रॉइड १० पासून नव्या टॅबमधला सगळा डेटा कुलूपबंद स्वरूपातच साठवला जातो. रीसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग कुठलंही सॉफ्टवेअर, कुठलाही कारागीर ते परत आणू शकत नाही.

दुसरं, रीसेट झाल्यावर काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, असं बटणं दाबून रीसेट केलेला टॅब आधीचं गुगल खातं आणि पासवर्ड मागतो. चोरी झालेला टॅब चोराच्या कामी येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण गावात खातं पुष्कळदा दुकानदारानंच विकतेवेळी काढून दिलेलं असतं, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. मग सुरू होणारा टॅबही दाराशीच अडून राहतो.

आता चार्जर-कव्हरचं. टॅब कुठे अडकतो, यावरून बरंच कळतं. कंपनीचं नाव येतं, जातं, पुन्हा येतं, असं चाललं असेल तर आधी बॅटरी आणि बटणांवर संशय घ्यायचा. सुरू होताना प्रोसेसर आणि पडदा एकदम वीज ओढतात, दमलेल्या बॅटरीचा दाब (व्होल्टेज) तेवढ्यात खाली येतो आणि टॅब बंद पडतो. नाव आलं, त्यापुढचं हलणारं चित्रही सुरू झालं आणि तेच फिरत राहिलं, तर आतलं हार्डवेअर बहुधा ठीक आहे. अडचण भरलेल्या स्टोरेजमध्ये, एखाद्या ॲपमध्ये किंवा अर्धवट अपडेटमध्ये शोधायची. अपडेटनंतरची पहिली सुरुवात तशीही लांबते, त्यामुळे चार्जरला लावून १५-२० मिनिटं हात न लावता थांबायचं. हलणारं चित्र आलंच नाही, नुसतं नाव थिजलं, तर बिघाड खोलवर असू शकतो.

शेजारच्या पोरीचा टॅब असाच नाव दाखवून विझायचा. रात्रभर चार्जिंगला लावलेला असूनही. भाव चढेल म्हणून त्यांचा कापूस पुढच्या खोलीतच रचलेला होता, आणि टॅब त्याच खोलीत. टॉर्च धरून चार्जिंगची खाच बघितली तर तळाशी रुईचा पुंजका दाबून बसलेला. पिन आत जात होती, पण शेवटपर्यंत नाही. टॅब बंद ठेवून लाकडी काडीनं, हळूच, तो पुंजका काढला. सुई कधीच घालायची नाही, आतले संपर्क वाकतात. मग टॅब २ अँपिअरच्या चार्जरवर लावला, कारण आधी तो सेट-टॉप बॉक्सच्या यूएसबीला लावत होते, आणि तिथून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. संध्याकाळी टॅब सुरू झाला. तिच्या रसायनशास्त्राच्या नोट्स जागेवर होत्या. तुमचा उपाय आधी केला असता तर नोट्स गेल्या असत्या आणि पुंजका तिथेच राहिला असता.

कव्हरचंही तेच. घट्ट रबरी कव्हर व्हॉल्यूमचं बटण दाबून धरतं आणि टॅब भलत्याच मोडमध्ये शिरतो. काढून बघायला पैसा लागत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, मे महिन्यात टिनाच्या खोलीत बॅटरी तापली की चार्जिंग थांबतं. आणि पडदा एका कडेनं उचललेला दिसला तर बॅटरी फुगली आहे, तेव्हा चार्जिंगही नको आणि दाबणंही नको.

घरात संगणक नसतो, हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण तो तुमच्याही उपायाला लागू आहे. अँड्रॉइड ११ पासूनच्या सॅमसंग टॅबमध्ये रिकव्हरीत, म्हणजे बटणं दाबून उघडणाऱ्या दुरुस्तीच्या यादीत, शिरायलाच टॅब केबलनं संगणकाला जोडावा लागतो. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रातला संगणक त्याला चालतो, त्यात काही टाकावं लागत नाही. आत गेल्यावर ‘वाइप कॅशे पार्टिशन’ असेल तर ते आधी करा, त्यानं फक्त तात्पुरता साठा पुसला जातो, तुमच्या फाइली जात नाहीत. ‘वाइप डेटा’, म्हणजेच फॅक्टरी रीसेट, त्याला लागूनच असतं, म्हणून व्हॉल्यूमचं बटण एकेकदाच दाबा आणि ओळ वाचूनच पॉवर दाबा.

एवढं करून दुकानात जावं लागलं तर जरूर जा, तिथली माणसं हुशार आहेत. फक्त टॅब हातात देण्याआधी विचारा, ‘डेटा ठेवून फ्लॅश होईल का?’ फ्लॅश म्हणजे टॅबचं मूळ सॉफ्टवेअर पुन्हा भरणं. त्यासाठीच्या सॅमसंगच्या फाइलींमध्ये सीएससी आणि होम-सीएससी अशा दोन येतात. होम-सीएससी वापरली तर डेटा सहसा राहतो, सीएससीनं पुसला जातो. दुकानदाराला हे माहीत असतं, पण गिऱ्हाईक विचारत नाही आणि घाईत पहिली फाइल लागते.

तुमचा टॅब कोणत्या कंपनीचा आहे, नावावर थिजतो की चित्र फिरत राहतं, आणि आत काय जपायचं आहे, एवढं लिहा. तोवर रीसेट मारू नका.